केनियातल्या छोट्या गावात राहून भारतातली नोकरी कशी करावी

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात बसून लॅपटॉपवर काम करायचं मनात असेल आणि कंपनी भारतातली असेल, तर आधी केनियाचा विचार करा. वेळेचा फरक जेमतेम अडीच तासांचा. पुण्याच्या ऑफिसात साडेनऊ वाजतात तेव्हा तिथे सकाळचे सात, आणि इथली साडेसहाची सुट्टी म्हणजे तिथले चार. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, इंग्रजीवर काम भागतं.

उदाहरणासाठी तिमाऊ घेऊ. माउंट केनियाच्या उत्तर उतारावरचं छोटं गाव. आसपास गहू आणि युरोपला जाणाऱ्या गुलाबांची शेती, मधून हमरस्ता. नान्युकी हे मोठं गाव वीसेक किलोमीटरवर. जागा निवडताना डोंगर मागाहून बघा, हे अंतर आधी बघा. बँक आणि बरा दवाखाना अर्ध्या-पाऊण तासात गाठता येत नसेल, तर ते गाव सुट्टीपुरतंच ठेवलेलं बरं.

१. कागदपत्रं

जानेवारी २०२४ पासून केनियात जाण्याआधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाचा इलेक्ट्रॉनिक परवाना) काढावा लागतो, पण तो पाहुण्यासारखं जाऊन येणाऱ्यांसाठी. राहून काम करणाऱ्यांसाठी २०२४ मध्येच ‘क्लास एन’ हे डिजिटल नोमॅड परमिट आलं. उत्पन्न केनियाबाहेरचं आहे हे त्यात दाखवावं लागतं. उत्पन्नाची अट आणि फी इमिग्रेशनच्या पोर्टलवरच तपासा. एजंटच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर जाऊ नका. तीन महिन्यांहून जास्त राहणार असाल तर परदेशी नागरिक म्हणून वेगळी नोंदणीही करावी लागते.

एचआरची परवानगी लेखी घ्या, आणि निघण्याआधी सीएला भेटा. वर्षात १८३ दिवस तिथे काढले की कराच्या हिशेबाने तुम्ही केनियाचे रहिवासी ठरू शकता. हे मार्चमध्ये कळून उपयोग नाही.

२. लस आणि बॅग

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या. केनियातून परतताना भारतात हे प्रमाणपत्र मागतात आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण.

ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. भाजणी, गोडा मसाला डब्यांत भरा, चपला कापडी पिशवीत. स्वेटर विसरू नका. विषुववृत्त जवळून जात असलं तरी गाव २,००० मीटरपेक्षा उंचावर आहे, रात्री चांगलीच थंडी वाजते. प्लग तीन चौकोनी पिनांचे, तेव्हा अडॅप्टर लागेल.

३. घर

थेट गावात घर घेऊ नका. सुरुवातीला नान्युकीत तात्पुरती खोली घ्या आणि तिथून ये-जा करून शोधा. घर दाखवतो तो बहुधा केअरटेकर. रविवारी सकाळी तो सगळं छानच दाखवेल. म्हणून कामाच्या दिवशी, तुमच्या मीटिंगच्या वेळेला जा. जिथे टेबल ठेवणार, त्याच कोपऱ्यात बसून आधी सफारीकॉम या तिथल्या मोबाइल कंपनीच्या आणि मग एअरटेलच्या सिमवर व्हिडिओ कॉल लावा. दाराबाहेर रेंज आहे, या आश्वासनाला अर्थ नाही.

विजेचं मालकाला विचारू नका. शेजारच्या दुकानात जा, फ्रीजमधलं दूध घ्या आणि मागच्या खेपेला वीज गेली ती किती वेळाने आली, ते विचारा. ज्याचं दूध नासतं त्याला हे नेमकं ठाऊक असतं.

वीज बहुतेक ठिकाणी प्रीपेड. मोबाइलवरून पैसे भरले की एसएमएसने वीस आकडी टोकन येतं, ते मीटरवर दाबायचं. मीटर तुमचा एकट्याचा आहे ना, ते पक्कं करा. सामायिक मीटर म्हणजे दर महिन्याला वाद.

बॅकअपचा हिशेब सोपा आहे. स्टारलिंक हे उपग्रहावरून येणारं इंटरनेट २०२३ पासून केनियात मिळतं. डिशला साधारण ७५ वॅट आणि लॅपटॉपला ६० धरले, तर एक किलोवॅट-तासाची बॅटरी सहा-सात तास पुरते. कामाचा बहुतेक दिवस निघतो. फोनचा डेटा दुसरा पर्याय म्हणून हवाच.

पाणी आठवड्यातून किती दिवस येतं, टाकी केवढी, आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत काय होतं, तेही विचारा. मार्च ते मे या मोठ्या पावसात घर बघितलंत तर पाण्याचा प्रश्न दिसणारच नाही.

४. पैसे आणि माणसं

पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि लगेच एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याघेण्याची सोय, सुरू करा. २००७ पासून ते इतकं मुरलंय की भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळे त्यावरच पैसे घेतात. यूपीआयची सवय असलेल्याला शिकायला वेळ लागत नाही. फक्त पैसे पाठवण्यावर शुल्क पडतं.

दुकानात शिरल्या शिरल्या भाव विचारणं उद्धटपणाचं दिसतं. आधी ‘हबारी’ म्हणून ख्यालीखुशाली, मग कांदे. आणि वेळ ठरवताना सावध राहा: स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. प्लंबर ‘सा तातू’ म्हणजे ‘तीन वाजता’ म्हणाला, तर तो सकाळी नऊला दारात उभा राहील आणि तुम्ही मीटिंगमध्ये असाल. वेळ इंग्रजीत पुन्हा विचारून घ्या.

जेवणाची चिंता नको. चपाती आणि मूग तिथे रोजचेच आहेत, पण तिथली चपाती मैद्याची असते. आटा नान्युकीच्या सुपरमार्केटमधून आणा. पोहे, तूरडाळ, हिंग वगैरे नैरोबीच्या पार्कलँड्समध्ये गुजराती दुकानांत मिळतं.

५. आजारपण

या उंचीवर मलेरियाचा धोका कमी. मात्र किनाऱ्याकडे किंवा व्हिक्टोरिया सरोवराकडे फिरायला जाणार असाल तर आधी डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घ्या. रोजची औषधं चिठ्ठीसह भारतातूनच न्या. विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलाय का ते वाचा. नसेल तर रुग्णाला विमानाने हलवणाऱ्या अम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स या सेवेची वार्षिक वर्गणी भरा. त्यांचा नंबर तुमच्याच फोनमध्ये ठेवून चालणार नाही, तो केअरटेकरला आणि त्या दुधाच्या दुकानदारालाही द्या.