सरकारी जागेत कोल्ड्रिंकची विक्री बंद करायचीय? आधी कंत्राट मागवा

सरकारी दवाखाना, बाग, वाचनालय, स्टेडियम, पालिकेची इमारत अशा ठिकाणी साखरेच्या कोल्ड्रिंकची विक्री बंद करायची म्हटलं की बहुतेक लोक पोस्टर छापायला घेतात. माझं ऐका, पोस्टर राहू द्या बाजूला, आधी त्या जागेची कंत्राटं मागवा. मशीन कुणाचं, कॅन्टीन कुणाकडे, मुदत कधी संपते, कमिशन किती, ठराविक माल खपलाच पाहिजे अशी काही अट आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच कंपनीचा माल ठेवायचा असं लिहून दिलंय का. कारण तिथे काय विकलं जाणार हे कुणीतरी आधीच सही करून ठरवलेलं असतं आणि ती सही बदलल्याशिवाय फ्रीजमधलं काहीही बदलत नाही.

माहिती मागताना फक्त मुख्य करार मागू नका, पुरवणी करार पण मागा. फ्रीज फुकट दिला, स्कोअरबोर्ड फुकट दिला, त्याच्या बदल्यात काय कबूल केलं ते बऱ्याचदा त्या पुरवणीत सापडतं.

आता अधिकाराचा मुद्दा, इथे घाई करू नका. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळानं २०१२ मध्ये नियम केला की हॉटेलं, थिएटरं वगैरे ठिकाणी १६ औंसांपेक्षा (साधारण पावणेपाचशे मिली) मोठ्या ग्लासात गोड ड्रिंक विकायचं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं नियम रद्द ठरवला, म्हणाले हा मंडळाच्या अधिकाराबाहेरचा विषय आहे. दुसरीकडे बॉस्टनचे महापौर थॉमस मेनिनो यांनी २०११ मध्ये आदेश काढला पण तो फक्त शहराच्या मालकीच्या जागांपुरता, तिथली मशीनं, कॅन्टीन आणि स्टॉल, आणि बदल करायला सहा महिने दिले. दुसऱ्याच्या दुकानात काय विकायचं हे सांगायला कायद्याचा भक्कम आधार लागतो, पण स्वतःच्या जागेत काय विकू द्यायचं हे मालक म्हणून ठरवणं त्यामानाने बरंच सोपं. म्हणून मागणी लिहिताना 'बंदी घाला' असं मोघम लिहू नका, 'संस्थेच्या मालकीच्या आणि संस्था चालवत असलेल्या जागांवर' असं स्पष्ट लिहा.

आणि आदेशावर समाधान मानू नका हं. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात हॉवर्ड काउंटी आहे, तिथल्या प्रमुखांनी २०१२ मध्ये असाच आदेश काढला, २०१४ ला माणूस बदलला आणि नव्या प्रमुखानं आल्या आल्या आदेश मागे घेतला. एका माणसाच्या सहीनं आलेली गोष्ट दुसऱ्याच्या सहीनं जाते. सभागृहात ठराव करून घ्या, मतदानाची नोंद राहते आणि उलटवायचं तर पुन्हा सगळ्यांसमोर उलटवावं लागतं. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१५ मध्ये अजून एक रस्ता वापरला, शहराच्या पैशातून गोड ड्रिंक विकतच घ्यायची नाहीत असा नियम. तुमच्याकडे विक्रीवर एकमत होत नसेल तर निदान मीटिंगा आणि कार्यक्रमांच्या खरेदीपासून सुरुवात करता येते.

मग येते व्याख्या, आणि खरी मारामारी इथेच होते. 'आरोग्याला घातक पेय' असं लिहिलंत तर विक्रेता एक अर्थ काढणार, अधिकारी दुसरा आणि कंपनीचा माणूस तिसरा. आकडा लिहा. साधा मसुदा असा चालेल:

'या जागेत बाटलीबंद, डबाबंद किंवा मशीनमधून ग्लासात मिळणारं, वरून साखर, मध किंवा सिरप घातलेलं आणि दर १०० मिलीला ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असलेलं कोणतंही पेय विकलं, वाटलं किंवा जाहिरात केलं जाणार नाही.'

५ ग्रॅम हा आकडा हवेतून काढलेला नाही, ब्रिटनमध्ये २०१८ ला कोल्ड्रिंकवर साखरेचा कर आला तो याच आकड्यापासून सुरू झाला. तुम्हाला अजून कडक हवं तर 'वरून घातलेली साखर अजिबात नको' असं लिहा, तपासायला उलट सोपं पडतं, पाठीमागचं लेबल वाचलं की झालं. नेहमीच्या कोलात १०० मिलीला साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे ३३० मिलीच्या एका कॅनमध्ये ३५ ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की साखर शक्यतो रोजच्या उष्मांकाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा, जे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम पडतं. सभागृहात बोलायला एवढं एक गणित पुरे, स्लाईडांचा मारा करू नका, लोक झोपतात.

'मग ज्यूस?' हा प्रश्न येणारच. फळांचं चित्र असलेलं 'फ्रूट ड्रिंक' बहुतेक वेळा साखरेचं पाणीच असतं, ते व्याख्येत आपोआप येतं. शंभर टक्के ज्यूसचं जरा अवघड आहे कारण वरून साखर नसली तरी जागतिक आरोग्य संघटना ज्यूसमधली साखरही मर्यादेत धरते, मी म्हणेन ठेवा पण लहान पॅकमध्ये. साधं दूध ठेवा. स्पोर्ट्स ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंकला 'खेळाडूंसाठी' म्हणून सूट मागितली जाईल, देऊ नका, स्टेडियममध्ये बघायला आलेले लोक बसून असतात. डायेटवाली पेयं या व्याख्येत येत नाहीत, बॉस्टननं ती मधल्या, पिवळ्या गटात ठेवली होती, म्हणजे लाल गटातली बंद, हिरव्या गटात पाणी वगैरे आणि पिवळी विकायला मोकळी. पण ती 'हेल्दी' म्हणून पुढे मांडू नका, वजन आटोक्यात ठेवायला बिनसाखरेचे स्वीटनर वापरू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनंच २०२३ मध्ये सांगितलंय.

पूर्ण बंदी पचणार नाही असं दिसत असेल तर वाटा ठरवा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेनं, म्हणजे एनएचएसनं, २०१७ मध्ये हॉस्पिटलमधल्या दुकानांना सांगितलं की एकूण ड्रिंक विक्रीत गोड ड्रिंकचा वाटा १० टक्क्यांच्या आत आणा, नाही आणला तर बंदी. मला स्वतःला हा प्रकार फारसा आवडत नाही कारण मग दर महिन्याला विक्रीचे आकडे मागत बसावं लागतं, पण काहीच न होण्यापेक्षा बरं.

पाण्याचं मात्र आधी बघा. प्यायचं, थंड, फुकट पाणी आणि बाटली भरायची सोय ज्या मजल्यावर नाही तिथलं मशीन काढलंत तर शिव्या तुम्हालाच पडणार, आणि बरोबरच पडणार. क्रम असा ठेवा की नळ चालू झाला, मग मशीन बदललं.

चालू कंत्राट मध्येच तोडायच्या भानगडीत पडू नका, भरपाई अंगावर येते. मुदत संपायच्या बऱ्याच आधी नवीन टेंडरच्या अटी बदलून घ्या: मालाची मंजूर यादी जोडा, मशीनच्या पुढच्या भागावर गोड ड्रिंकची जाहिरात नको, अचानक तपासणीचा हक्क, पहिल्यांदा नोटीस, नंतर दंड, तिसऱ्यांदा कंत्राट रद्द. मुदत लांब असेल तर विक्रेत्याशी बोलून तोच करार ठेवून फक्त माल बदलता येतो का बघा, बहुतेक मोठ्या कंपन्या पाणी आणि बिनसाखरेची पेयं पण विकतातच, त्यांचं दुकान बंद होत नाही. छोट्या परवानाधारक स्टॉलवाल्याचं वेगळं आहे, त्याला शिल्लक माल संपवायला वेळ द्या आणि पहिले काही महिने भाड्यात सवलत मागून घ्या, नाहीतर सगळा भार त्याच्यावर पडतो.

उत्पन्न बुडेल म्हणून ओरड होणार. त्यासाठी बदलाच्या आधीचे विक्रीचे आकडे काढून ठेवा, जागेनुसार, महिन्यानुसार. नंतर मागितले तर मिळत नाहीत आणि मिळाले तरी कुणी विश्वास ठेवत नाही. 'आमच्या स्वातंत्र्यावर घाला' हे पण ऐकू येईल, त्याला उत्तर सरळ आहे, घरून आणा आणि प्या, इथे फक्त विक्री नाही. 'मग काय उपयोग, लोक बाहेरून आणतीलच' म्हणणाऱ्यांना सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सांगा, त्यांनी २०१५ मध्ये आवारात विक्री थांबवली, बाहेरून आणायला मोकळीक होती, तरी अभ्यासातल्या रोज पिणाऱ्या २१४ कर्मचाऱ्यांचं गोड ड्रिंक पिण्याचं प्रमाण दहा महिन्यांनी जवळपास निम्म्यावर आलं.

एक अपवाद लिहायला विसरू नका, रक्तातली साखर अचानक उतरलेल्या माणसासाठी प्रथमोपचार पेटीत ग्लुकोज ठेवायचं.

तपासणीची जबाबदारी एका पदावर टाका, समितीवर नको. त्या माणसानं यादी हातात घेऊन प्रत्येक मशीनसमोर उभं राहायचं, जे यादीत नाही त्याचा फोटो काढायचा आणि त्याच दिवशी नोटीस. आणि स्पर्धा, मेळावे, मॅरेथॉन यांच्या प्रायोजकांवर लक्ष ठेवा, जागा भाड्यानं देताना जो फॉर्म भरून घेतात त्यातच हे कलम घालून घ्या, नाहीतर मशीनमधून गेलेलं कोल्ड्रिंक फुकट वाटपाच्या तंबूतून परत येतं.