मुक्ता सोमवारी काय करते?

माझी पहिली प्रेमकादंबरी मी एका अ‍ॅपवर लिहिली. ६२ भाग. रात्री मुलं झोपली की लिहायचं आणि सकाळी उठल्या उठल्या प्रतिक्रिया बघायच्या. 'पुढचा भाग लवकर टाका ना ताई' एवढ्यावर माझा दिवस जायचा. मग ती कादंबरी घेऊन एका संपादकांकडे गेले. त्यांनी पंचवीसेक पानं वाचून विचारलं, "ही मुक्ता प्रेमात पडली नसती, तर येत्या सोमवारी तिनं काय केलं असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. परतताना बसमध्ये रडू आवरेना.

तुम्हीही प्रेमकादंबरी लिहायला बसला असाल, तर कथानक, संवाद, प्रकरणांची बांधणी हे तुम्हाला माहीतच असेल. मी जिथे फसले तेवढंच सांगते. वहीत मुक्ताची चार पानं होती: डोळे, उंची, आवडता रंग, आवडतं गाणं. ती एसटीत वाहक आहे हेही होतं. पण कादंबरीत ती तिकिटं फाडायची आणि नायक गाडीत चढायचा, बस. (तिकीट आता मशीनमधून निघतं, हेसुद्धा मी पाहिलं नव्हतं.) नायक भेटण्याआधी तिला काही हवंच नव्हतं. मग दोघांना दूर कसं ठेवणार? मी गैरसमज आणले. चुकून वाचलेला मेसेज, हॉटेलात दिसलेली दुसरी मुलगी. एका फोनवर मिटलं असतं, ते मी १४ भाग ताणलं.

वाचक 'वेडी आहे का ही' म्हणायचे, आणि मला ते कौतुक वाटायचं.

नंतर आठ दिवस सातारा स्टँडवर जाऊन बसले. वाहक ताईंशी चहावर बोलले. वेबिल म्हणजे फेरीतल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, हिशेबात पैसे कमी पडले तर स्वतःच्या खिशातून भरणं, आणि दर दोन वाक्यांनी एक शब्द: बदली. तिथे मला मुक्ता भेटली. तिला चिपळूणला बदली हवी होती, कारण तिथे आई एकटी. नायकाची, म्हणजे प्रसादची, महाबळेश्वरजवळच्या भिलारला स्ट्रॉबेरीची शेती. सप्टेंबरात रोपं लावली की उन्हाळा येईपर्यंत त्याला शेत सोडता येत नाही. बदलीची ऑर्डर आली नोव्हेंबरात. आता दोघांचंही म्हणणं बरोबर आहे, आणि रात्रभर फोनवर बोललं तरी सुटत नाही. शेवटच्या दिवशी तो भिलार फाट्यावर उभा राहतो, पहिल्या तोडणीची पेटी तिच्या हातात देतो आणि म्हणतो, "आईंना द्या." तिला थांब म्हणत नाही. हा प्रसंग मला रचावा लागला नाही.

'द्या' म्हणतो, 'दे' नाही, हेही बघा. मराठीत 'तुम्ही'चं 'तू' होतं तो क्षण चुंबनापेक्षा मोठा असू शकतो. जुन्या मसुद्यात मी तो दुसऱ्याच भागात उधळला होता. आता तो १७१व्या पानावर येतो.

'महिन्यात कादंबरी' शिकवणाऱ्या कार्यशाळांना पैसे देऊ नका. मी दोनदा दिले. तिथे मिळतात ते तक्ते, डोळ्यांच्या रंगाचे. त्यापेक्षा तुमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंशी मैत्री करा. कोणत्या कादंबरीचं बाइंडिंग तिसऱ्यांदा करावं लागलं आणि कोणती चाळीस पानांतच परत येते, हे त्यांना तोंडपाठ असतं. माझ्या मते तोच खरा गुरू.

करार मात्र नीट वाचा. घाईत 'सर्व हक्क' लिहून देऊ नका. ऑडिओ, अनुवाद, मालिका यांचा वेगवेगळा उल्लेख मागा. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९नुसार हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलेलं नसेल, तर तो काळ पाच वर्षांचा धरतात. म्हणून 'कायमचे' हा शब्द दिसला की पेन खाली ठेवा. आणि नोकरी सोडू नका. पहिल्या पुस्तकाच्या मानधनावर घर चालत नाही, माझंही चालत नाही.

तरी घाबरू नका. ६२ भाग लिहिण्याची सवय फुकट गेली नाही. रोज रात्री टेबलाशी बसायला त्यांनीच शिकवलं, आणि 'ताई, नवीन मुक्ता जास्त आवडली' असं लिहिणारे निम्मेअधिक वाचक जुनेच आहेत. माझी पुढची नायिका दादरच्या फूलबाजारात आहे. बाजार पहाटे भरतो, म्हणून गेले दोन आठवडे मी चारचा गजर लावते आहे. तिला काय हवंय ते अजून कळलेलं नाही.