औषधांची पिशवी काउंटरवर: बाह्यरुग्णाने फार्मासिस्टची मदत कशी घ्यावी

रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाची गोळी परिचारिका वेळेवर हातात आणून देते, डॉक्टर रोज फेरीला येऊन कागद पाहतात आणि काही चुकलेच तर ते कोणाच्या तरी लक्षात येते. ओपीडीत दाखवून घरी जाणाऱ्या रुग्णाची गोष्ट वेगळी असते. त्याचे मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे. प्रत्येकाकडे आपापली फाइल असते आणि तिघांनी दिलेल्या गोळ्या मात्र घरी एकाच डब्यात येऊन पडतात. त्या डब्यात एकूण काय काय आहे, हे तिघांपैकी एकानेही पाहिलेले नसते. ते पाहू शकेल आणि पाहून त्याचा अर्थ लावू शकेल असा माणूस रुग्णाला दर महिन्याला भेटतो, तो म्हणजे औषधाच्या दुकानातील किंवा रुग्णालयाच्या औषधखिडकीवरील फार्मासिस्ट. मी स्वतः गेली अनेक वर्षे त्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे. बाहेरच्या बाजूला उभ्या असलेल्यांनी आमच्याकडून नेमके काय काय करून घ्यावे, हे येथे सांगतो.

सर्वप्रथम, दुकानातील फार्मासिस्ट कोण आहे ते विचारून घ्यावे. काउंटरवर पुड्या बांधणारा प्रत्येक जण फार्मासिस्ट नसतो. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे आहे, आणि २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे त्याच्या कर्तव्यातच घातले आहे. त्यामुळे ‘हे कसे घ्यायचे, जरा नीट सांगता का?’ असे विचारताना संकोच करण्याचे कारण नाही. पुढचे म्हणजे, शक्य तोवर एकच दुकान धरावे. पाच-दहा टक्के सवलतीसाठी दर महिन्याला दुकान बदलण्यात काही गैर नाही, पैसे सर्वांनाच मोजावे लागतात; पण मग आपल्या सगळ्या औषधांची यादी प्रत्येक ठिकाणी बरोबर नेण्याची जबाबदारी आपलीच राहते.

पिशवी रिकामी करणे

वर्षातून किमान दोनदा, शिवाय रुग्णालयातून डिस्चार्ज मिळाल्यावर किंवा नवीन डॉक्टरांकडे गेल्यावर, घरातील सर्व औषधे एका पिशवीत भरून फार्मासिस्टकडे न्यावीत. सर्व म्हणजे खरोखर सर्व: डोळ्यांचे थेंब, इनहेलर, फ्रीजच्या दारातील इन्सुलिन, उशाशी ठेवलेली झोपेची गोळी, गुडघ्यासाठी शेजारच्या काकूंनी सुचवलेली पावडर, आयुर्वेदिक भस्म, मुलाने परदेशातून पाठवलेल्या जीवनसत्त्वांची बाटली. ‘ते काय औषध नाही’ असे म्हणून जे घरी राहते, बहुतेक वेळा तेच पाहायला हवे असते. सांधेदुखीवर ‘दोन दिवसांत आराम’ देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले निघू शकते. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मात्र हे काम काढू नये. तेव्हा सगळ्या दवाखान्यांची गर्दी एकदम दुकानावर येते. चार-साडेचारला गेल्यास निवांत बोलता येते.

अशी एक पिशवी मला चांगली आठवते. साधारण सत्तरीचे एक काका चक्कर येते म्हणून बीपीची गोळी बदलून मागत होते. मी म्हटले, ‘काका, आधी सगळ्या गोळ्या दाखवा.’ त्यांनी पिशवी काचेवर उपडी केली. मी पट्ट्या उलट्या करून मागची बारीक अक्षरे वाचू लागलो, तेव्हा दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध निघाले, टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. एक हृदयाच्या डॉक्टरांनी दिली होती, दुसरी गावाकडच्या डॉक्टरांनी. दुसऱ्या पट्टीत टेल्मिसार्टनच्या जोडीला लघवीचे प्रमाण वाढवणारे औषधही होते, आणि तिसऱ्या पट्टीत गुडघ्यासाठी रोज दोनदा घेतली जाणारी डायक्लोफेनॅक. बीपीचे हे औषध, लघवीची गोळी आणि वेदनाशामक हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडावर ताण येतो, आणि त्या वयात तो पटकन येतो. काकांनी एकाही डॉक्टरांपासून काही लपवले नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मी त्यांच्यासमोरच दोन्ही डॉक्टरांना फोन लावला. एक पट्टी बंद झाली, वेदनाशामक बदलले आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी लिहून मिळाली.

फोन लावणे हा माझ्या कामाचा भाग आहे. एखाद्या औषधाविषयी शंका आली तर फार्मासिस्टने ते स्वतःच्या मनाने बंद करायचे नसते, बदलायचेही नसते. ज्यांनी लिहिले त्यांना विचारायचे असते. म्हणून पिशवीबरोबर सर्व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, त्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि मूत्रपिंड व यकृताचे शेवटचे रिपोर्ट न्यावेत.

पिशवी तपासून झाली की तेथेच यादी करून घ्यावी. तीत औषधाचा घटक (कंपनीने दिलेले नाव नव्हे), ताकद, वेळ, कशासाठी आहे आणि कोणी लिहिले, एवढे असावे. घटकाचे नाव अशासाठी की तोच पॅरासिटामॉल सर्दीच्या गोळीत असतो, अंगदुखीच्या गोळीत असतो आणि तापाच्या गोळीतही असतो. प्रौढ माणसाने दिवसभरात सगळे मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि यकृत नाजूक असेल किंवा मद्यपान असेल तर मर्यादा त्याहून खाली येते. एखाद्या औषधाने पूर्वी अंगावर पित्त उठले असेल, तर त्याचे नाव यादीच्या वर लाल शाईने लिहावे.

नवीन चिठ्ठी घेऊन आल्यावर

चिठ्ठीवरील १-०-१ म्हणजे सकाळी आणि रात्री, हे बहुतेकांना समजते. अडचण जेवणाशी असलेल्या संबंधात येते. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड नाश्त्याच्या किंवा दिवसातील पहिल्या मुख्य जेवणाच्या आधी घेतात, मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर. थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास तरी दूर ठेवायची असते. एकादशी, चतुर्थी, नवरात्र किंवा रोजे पाळणाऱ्यांनी हा प्रश्न उपवासाच्या सकाळी न काढता आठवडाभर आधी विचारावा; कारण साखर कमी करणारी गोळी पोटात गेली आणि मागोमाग जेवण आले नाही, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ‘एसओएस’ लिहिलेली गोळी गरज पडेल तेव्हाच घ्यायची असते. ती दिवसातून जास्तीत जास्त किती वेळा घेता येते, हा आकडा फार्मासिस्टकडून लिहून घ्यावा.

एका गोळीविषयी वेगळे सांगायला हवे. संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतते. या औषधाच्या पाकिटावर मी स्वतः वार लिहितो, ‘फक्त सोमवार’ असा, आणि समोरच्याकडून तो मोठ्याने म्हणवून घेतो. कोणी हसतात. हसू द्यावे. तुमच्या दुकानात असे कोणी करत नसेल, तर तुम्हीच पेन पुढे करावे.

सुट्या गोळ्या घेताना पट्टी अशी कापून मागावी की बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख तुमच्या तुकड्यावर राहील; ते शक्य नसेल तर दोन्ही बिलावर आहेत ना, ते पाहावे. पट्टी फाडून गोळ्या कागदाच्या पुडीत कोणी देऊ लागले, तर त्या घेऊ नयेत.

हातात घेऊन करून पाहण्याच्या गोष्टी

काही औषधे नुसत्या सांगण्याने कळत नाहीत. दम्याची रोटाकॅप ही कॅप्सूल यंत्रात घालून तोंडाने ओढायची असते. ती पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण दरवर्षी भेटतात आणि ‘औषधाचा गुणच येत नाही’ अशी तक्रार करतात. म्हणून इनहेलर किंवा रोटाहेलर पहिल्यांदा घेताना फार्मासिस्टसमोर एकदा वापरून दाखवावा आणि काही महिन्यांनी पुन्हा दाखवावा, कारण सवयीने हात हळूहळू चुकू लागतो. औषधात स्टेरॉइड असेल तर ओढल्यानंतर चूळ भरून टाकावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

इन्सुलिनच्या बाबतीत सर्वात मोठी चूक सिरिंजची होते. आपल्याकडील बहुतेक कुप्यांत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये मात्र एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. पेन बिघडले म्हणून कोणी कार्ट्रिजमधील इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढले, तर १० युनिटच्या खुणेवर प्रत्यक्षात २५ युनिट अंगात जातात. यासाठी कुपी आणि सिरिंज एकाच वेळी काउंटरवर ठेवून दोन्हींवरील आकडे फार्मासिस्टबरोबर जुळवून पाहावेत. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रीजमध्ये ठेवावे, पण फ्रीजरमध्ये नको. एकदा गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे लागते.

लहान मुलांच्या पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांत असाच फरक आहे. थेंबांत साधारणपणे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर साध्या सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. थेंबांची बाटली सिरप समजून चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर पाजली, तर ५०० मिलिग्रॅम औषध बाळाच्या पोटात जाते. बाळाचे वजन सांगून मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी आणि स्वयंपाकघरातील चमचा न वापरता बाटलीबरोबरचे माप वापरावे. पाणी घालून तयार करायचे अँटिबायोटिक उकळून गार केलेल्या पाण्याने खुणेपर्यंत भरावे, तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि लेबलवर दिलेल्या दिवसांनंतर उरलेले टाकून द्यावे. ही बाटली कशी तयार करायची, हे दुकानात एकदा करून दाखवायला सांगितले तर कोणताही चांगला फार्मासिस्ट नाही म्हणणार नाही.

नकार मिळाला तर

चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देण्यास फार्मासिस्ट नकार देतो तेव्हा तो अडवणूक करतो असे नाही. शेड्यूल एच, एच-१ आणि एक्स (चिठ्ठीवरच देता येणाऱ्या औषधांच्या सरकारी याद्या) यांतील औषधांच्या बाबतीत लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देण्याची मुभा नियमाने त्याला दिलेली नाही. स्वस्त पर्याय हवा असेल, विशेषतः जन औषधी केंद्रातून औषधे घ्यायची असतील, तर डॉक्टरांना चिठ्ठीवर घटकाचे नाव लिहायला सांगावे. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागू नये. ज्या पट्टीवर लाल रेघ आहे ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असते. २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मधील औषधांसाठी, ज्यांत अनेक वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स आणि काही झोपेच्या गोळ्या येतात, दुकानदाराला रुग्णाचे नाव आणि डॉक्टरांचे नाव-पत्ता लिहून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. ही माहिती विचारली म्हणून रागावू नये. जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर औषध मागणेही बरोबर नाही. पुन्हा द्यावे असे डॉक्टरांनी लिहिले असेल तरच ती चिठ्ठी पुन्हा चालते.

नवीन औषधानंतर अंगावर चट्टे, पायाला सूज, सतत कोरडा खोकला असे काही सुरू झाले, तर फार्मासिस्टला सांगावे. तो डॉक्टरांना कळवेलच, शिवाय औषधांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी औषधसतर्कता कार्यक्रमाकडे त्याची नोंद करता येते. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क क्रमांक रुग्णांनाही खुला आहे. ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर दुकानात न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

आणि गोळ्या संपायच्या आत दुकानात यावे. रोज एक गोळी असेल तर १५ च्या दोन पट्ट्या म्हणजे ३० दिवस. दुसऱ्या पट्टीत सात गोळ्या उरल्या की पुढची खरेदी करावी, म्हणजे माल मागवायला आम्हालाही वेळ मिळतो. अँजिओप्लास्टीनंतरची ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी असिनोकुमरॉल दुकानात नाही म्हणून दोन दिवस राहिली, असे होता कामा नये. असिनोकुमरॉल घेणाऱ्यांनी शेवटच्या आयएनआरचा (रक्त किती पातळ झाले ते दाखवणाऱ्या तपासणीचा) आकडा आणि तारीख यादीच्या मागे लिहावी. यादीची एक प्रत पाकिटात ठेवावी, एक फ्रीजच्या दारावर लावावी आणि एक मोबाइलमध्ये फोटो काढून मुलाला किंवा सुनेला पाठवून ठेवावी. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हाच असतो.