सवाईच्या आठवड्याची तयारी

डिसेंबरात आठवडाभर पुण्यात राहून सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव हा शास्त्रीय संगीताचा उत्सव ऐकायचा आणि जमलं तर एखादं नाटक, एखादं संग्रहालयही पाहायचं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. पिशवी भरण्याआधी वही काढा. सात दिवस मांडा आणि महोत्सवाच्या पाच दिवसांपुढे दुसरं काहीही लिहू नका. पाहुण्यांकडचं जेवण नको, खरेदीही नको. सकाळभर भटकून दुपारी मंडपात बसलं की दुसऱ्या गायकाच्या संथ लयीतल्या विलंबित ख्यालातच डोळे मिटायला लागतात, आणि तो गायक पुन्हा समोर बसून ऐकायला कधी मिळेल कोण जाणे. कान ताजे ठेवणं ही या आठवड्याची सगळ्यात मोठी तयारी आहे.

म्हणून नाटक आणि संग्रहालय आधीच्या दोन दिवसांत उरकून घ्या. नाटकासाठी पेपरातलं जाहिरातींचं पान रोज बघा आणि प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, कधी उघडतो ते टिपून ठेवा. बालगंधर्व रंगमंदिरात प्रयोग मिळाला तर उत्तम. १९६८ साली उभं राहिलेलं हे थिएटर पुणेकरांना घरच्यासारखं आहे. मध्यंतरातला बटाटेवडा चुकवायचा नसेल तर सुटे पैसे जवळ असू द्या. मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरलात की चालत पोचता येतं. आठवड्याच्या मधल्या वारी मोठ्या नाटकाचा प्रयोग नसेल, तर शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचावर किंवा सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात काय चाललंय ते विचारा. सुदर्शनमध्ये नट हाताच्या अंतरावर असतो, त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

संग्रहालय एकच करा, बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचा हा संग्रह त्यांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा आहे. सगळं पाहायचा हट्ट धरू नका. अडकित्ते बघा, दिवे बघा आणि मग वाद्यांच्या दालनात मनसोक्त रेंगाळा. तिथली वाद्यं डोळ्यांत साठवून दुसऱ्या दिवशी मंडपात तानपुरे लागताना ऐकले की त्या लाकडात आणि तारांत काय आहे ते जरा जास्त कळतं.

आता महोत्सव. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ तो सुरू केला. पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा, गेली काही वर्षं मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. स्वारगेट मेट्रोवरून ते जवळ आहे. पासाची विक्री सुरू झाली की लगेच घ्या, आणि खुर्ची की भारतीय बैठक हे गुडघ्यांना विचारून ठरवा. मी बैठकीच्याच बाजूची आहे, पण पाच दिवस मांडी घालणं सगळ्यांना झेपत नाही. बैठक घेतली तर पाठीला छोटी उशी आणि खाली घालायला घडीची सतरंजी न्या. दुपारी ऊन असतं, म्हणून पातळ सुती कपडे घाला. सूर्य कलला की मंडपात गारवा उतरतो, तेव्हा शाल, कानटोपी आणि पायमोजे पिशवीत वरच ठेवा. तळाशी ठेवलेली शाल शोधताना प्लॅस्टिकच्या पिशवीची जी चुरचुर होते, ती चार रांगांना ऐकू जाते. खाणंही कापडात बांधून न्या. मोबाइल नुसता गप्प करून भागत नाही, पडद्याचा उजेड मागच्याच्या डोळ्यांत जातो, तेव्हा तो बंदच करा.

पहिल्या गायकाला हजर राहा, हे मी कळकळीने सांगते. बरेच जण संध्याकाळी मोठ्या नावांसाठी येतात आणि भीमपलास, मुलतानी, पटदीप हे दुपारचे राग मोकळ्या खुर्च्यांपुढे गायले जातात. मावळतीचा मारवा किंवा पूरिया धनाश्री ऐकायचा तर चहाची फेरी त्याआधीच आटपा. ध्वनिक्षेपकांवरच्या रात्री दहाच्या मर्यादेमुळे एरवी उशिराचे राग फारसे वाट्याला येत नाहीत. ज्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत परवानगी असते, बहुधा शनिवारी, त्या दिवशी दुपारी झोप काढून या आणि परतीची गाडी आधीच ठरवा. एवढ्या रात्री मेट्रोवर भिस्त ठेवू नका.

शेवटच्या दिवशी, बहुधा रविवारी, गर्दी टाळायला मंडपातून लवकर उठू नका. अखेरच्या गायनानंतर सवाई गंधर्वांच्याच आवाजातली भैरवी लावतात. जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर, तिच्यातून वर येणारा तो आवाज आणि जागच्या जागी थांबलेला सगळा मंडप. सोमवारची अर्ध्या दिवसाची रजा आधीच मागून ठेवा.