डोळ्याच्या खोबणीचं ऑपरेशन आणि खालची पापणी: आधीची आणि नंतरची तयारी

दुचाकीवरून पडून किंवा चेंडू लागून डोळ्याच्या खोबणीचा तळ मोडला की घरातल्यांचं सगळं लक्ष हाडाकडे आणि त्याला आधार द्यायला बसवायच्या प्लेटच्या खर्चाकडे असतं. महिन्याभरानं आरशासमोर तक्रार निघते ती मात्र बऱ्याचदा खालच्या पापणीची. तळापर्यंत पोचायची वाट तिच्यातूनच जाते, आणि बरं होताना आतला व्रण आकसला की तो तिला खाली खेचतो. म्हणून पापणीची तयारी आधीपासून करावी.

फाइलमध्ये सीटी स्कॅनची फिल्म किंवा सीडी आणि अपघाताचे कागद असतीलच. त्यात अपघाताआधीचे, चष्मा न लावलेले, समोरून काढलेले दोन-तीन फोटो ठेवा. काहींच्या बुबुळाखाली पांढरा भाग मुळातच थोडा दिसतो. फोटो नसेल तर पुढे त्याचं खापर ऑपरेशनवर फुटतं. रोजच्या गोळ्या चिठ्ठीवर लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सांगा, पण स्वतःच्या मनानं बंद करू नका. विडी, तंबाखू, मिश्री आजच सोडा. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते.

छेद कुठून घेणार, हे विचारायला संकोच करू नका. पापण्यांच्या केसांखाली दोनेक मिलिमीटरवर घेतलेला छेद दिसत नाही, पण पापणी बाहेर वळण्याचा धोका त्यात जास्त. थोडं खाली, पापणीच्या मध्यावर घेतला तर तो धोका कमी, पण व्रण थोडा दिसू शकतो. आतल्या ओल्या बाजूनं घेतला तर बाहेर खूण नाही, मात्र पापणी आत वळून केस बुबुळावर घासायची शक्यता राहते. पेशंट वयस्क असेल तर आणखी एक तपासणी करून घ्या: पापणी हलकेच खाली ओढून सोडली की उघडझाप न करता ती चटकन जागेवर बसायला हवी. लोंबत राहिली तर ती आधीच सैल आहे; बाहेरचा कोपरा त्याच वेळी घट्ट करायचा का, हा निर्णय सर्जनला आधीच घेता येतो.

घरी दोन जादा उशा (डोकं साधारण 30 अंश वर राहील इतक्या), बर्फ गुंडाळायला मऊ सुती कापड, लिहून दिलेले थेंब, रात्रीचं मलम, कागदी चिकटपट्टी आणि एक लहान टॉर्च आणून ठेवा. बर्फ पहिले दोन दिवस, कापडातून, दाब न देता. काजळ, तूप, मध, गुलाबपाणी यांतलं काहीही डोळ्याजवळ नको, आजीनं कितीही आग्रह केला तरी.

ऑपरेशननंतर कधी कधी पापणीतून काढलेला दोरा कपाळावर चिकटवलेला दिसतो. पापणी वर ताणून धरण्यासाठी तो एक-दोन दिवस ठेवतात; लोंबतोय म्हणून ओढू नका. पहिली रात्र सोबतच्यानं जागं राहून काढावी. नर्सबरोबर ठरावीक वेळानं त्या डोळ्यानं बोटं मोजता येतात का ते पाहा. दुखणं एकदम वाढलं, डोळा पुढे येऊन पापणी दगडासारखी कडक झाली किंवा दिसणं मंदावलं, तर डोळ्यामागे रक्त साचत असू शकतं. तेव्हा सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. तासा-दीड तासात दाब उतरवला नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

निदान दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. नाहीतर नाकाशेजारच्या पोकळीतली हवा मोडलेल्या हाडातून पापणीत शिरते, पापणी फुगते आणि बोटाखाली कुरकुर लागते.

बाहेरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांनी निघतात. त्या सुमारास रात्री पेशंट झोपल्यावर टॉर्च लांबून, तिरका धरून पाहा. पापण्यांमध्ये फट आणि तिच्यात पांढरं दिसलं तर डोळा झोपेत उघडा राहतोय, बुबुळ कोरडं पडतंय. डॉक्टरांना सांगा आणि तोवर मलमात कसूर नको.

मालिश सर्जननं हिरवा कंदील दिल्यावरच, बहुधा दोन आठवड्यांनी. स्वच्छ बोट पापणीच्या कडेखाली ठेवून वर आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे, कडेला टोचेल इतकं नाही पण त्वचा नुसती घासेल इतकं हलकंही नाही. दिवसातून तीन-चार वेळा, काही मिनिटं. बोट खाली घसरवत नेलं तर उलटाच परिणाम.

आठवड्यातून एक फोटो, त्याच खिडकीच्या उजेडात, नजर सरळ. पाणी वाहू लागलं, कड डोळ्यापासून सुटली, केस टोचू लागले किंवा बुबुळाखालचा पांढरा पट्टा वाढत गेला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. सर्जन पापणी बोटानं वर सरकवून पाहतील. सहज वर आली तर ती नुसती सैल आहे. अडकली तर कातडी कमी पडली आहे किंवा आतला व्रण धरून ठेवतोय. त्यावरून कोपरा घट्ट करायचा, कातडीचा तुकडा लावायचा की आतून आधार द्यायचा, हे ठरतं. दुरुस्तीसाठी सहसा तीन ते सहा महिने थांबतात, कारण व्रण तोवर मऊ होत असतो आणि काही पापण्या आपोआप वर येतात. बुबुळ कोरडं पडून लाल होत असेल तर मात्र थांबत नाहीत.

प्लेटच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.