मेलची पहिली ओळ: साहेब, भाई की हेर?

सावद्याच्या केळी पॅकहाउसमध्ये मेल लिहायचं काम माझ्याकडे आहे. केळी दुबईला जातात, खोकी सुरतहून येतात, मशीनचे सुटे भाग जर्मनीतून. सुरतच्या खोकेवाल्यांना मी नेहमी नावापुढे 'भाई' लावून 'नमस्ते' लिहायची. एकदा माल दोन दिवस उशिरा आला आणि घाईत 'डिअर सर' लिहून गेलं. पाच मिनिटांत फोन: "बेन, नाराज छो?" मान अचानक वाढवला तरी समोरच्याला खटकतं, हे तेव्हा कळलं.

म्हणून आधी समोरच्याचा जुना मेल उघडा आणि त्याने खाली सही कशी केलीय ते बघा. पहिलाच मेल असेल तर एक पायरी वरून सुरुवात करा. खाली उतरायचं ते त्यांनी उतरल्यावर.

जर्मन माणसाला 'झेअर गेएर्टर हेर' (आदरणीय श्री), बाईंना 'झेअर गेएर्टं फ्राउ', पुढे आडनाव. डॉक्टरेट असेल तर 'डॉक्टर' गाळू नका. फ्रेंचमध्ये उलट: अनोळखी माणसाला नुसतं 'मस्यू' किंवा 'मादाम', आडनाव नको. जपानीत आडनावानंतर 'सामा', पण स्वतःच्या नावाला कधीच नाही. इंग्रजीत 'मिस्टर'पुढे आडनाव येतं; आपल्याकडे सर्रास पहिलं नाव लावतात. आखातात मात्र 'मिस्टर अहमद' अगदी चालतं.

खरी कसरत मराठीत आहे, कारण मान फक्त मायन्यात नसतो, क्रियापदातही असतो. वर 'माननीय महोदय' आणि खाली 'बिल लवकर पाठवा' असं लिहिलं की वरचा मान वाया गेला. तिथे 'बिल पाठवावे, ही विनंती' हवं. वर 'आपण' धरलं तर शेवटपर्यंत 'आपण'च. 'स.न.वि.वि.' मला अजून आवडतं, पण ते ओळखीच्या, बरोबरीच्या माणसाला. कृषी अधिकाऱ्यांना 'मा.' बरं. आणि नुसतं 'पाटील साहेब' लिहू नका. आमच्या रावेर तालुक्यात एका मेलवर चार पाटील असतात, पूर्ण नाव घाला.

शेतकऱ्यांना मी 'आदरणीय नाना, राम राम' लिहिते. एका नानांना मेल नातू वाचून दाखवतो, राम राम ऐकल्यावर ते आधी त्याला म्हणतात, "तिले बी राम राम सांग."