मेंबर गळतात ते मेसेज आल्यावर

यूट्यूबच्या मेंबरशिपमधून, म्हणजे प्रेक्षक चॅनलला दरमहा देतात त्या वर्गणीतून, कर वगैरे वजा जाता ७०% रक्कम आपल्या, चॅनलवाल्यांच्या हाती येते, हे सगळ्यांना पाठ असतं. मेंबर नेमके कधी सोडून जातात, तिकडे मात्र फारसं कोणी बघत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटोपेचे, म्हणजे खात्यातून आपोआप जाणारे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते, आणि तिथेच नको म्हणायची सोयही असते. '९९ रुपये कापले जातील' हे वाचलं की माणूस हिशेब मांडतो: या महिन्यात मला मिळालं काय?

पैसे कापण्याची तारीख प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे महिनाअखेरीस चार व्हिडिओ एकदम ओतून उपयोग नाही. त्यापेक्षा दर आठवड्याला एक, ठरलेल्या वारी. व्हिडिओच हवा असंही नाही. स्वयंपाकाचं चॅनल असेल तर थालीपीठाच्या भाजणीचं वजनी प्रमाण फक्त मेंबरांसाठीच्या पोस्टमध्ये टाका. लोक ते जपून ठेवतात. 'पडद्यामागच्या गमती' पहिल्या महिन्यात खपतात, पुढे कोणी विचारत नाही. आणि मेंबरशिपच्या वेगवेगळ्या दरांच्या तीन-चार पातळ्यांचा घाट तर सुरुवातीला घालूच नका, एक पुरते.